चौथी झील

आमच्या मळ्यातली विहीर हाक तीनदा परत देते. जास्त नाही, कमी नाही. लग्न होऊन आले त्याला बावन्न वर्षं झाली, तेवढ्यात हे एकदाही चुकलेलं मला माहीत नाही. विहिरीच्या काठावर उगवतीच्या अंगाला एक सपाट दगड आहे. त्यावर उभं राहायचं, जरा ओणवं व्हायचं आणि "सिद्धाऽ" म्हणायचं. पहिल्यांदा परत येतं ते "सिद्धा"च असतं, जरा भिजल्यासारखं. दुसऱ्यांदा "इद्धा" येतं. तिसऱ्यांदा नुसता "आ" येतो आणि पाण्यात बुडून जातो. विहीर शब्दाची धार खाते. आधी स खाते, मग बाकीचं.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी चौथीपर्यंत शिकले. भुताखेताच्या गोष्टी मला आवडत नाहीत आणि त्या सांगणाऱ्या बायका त्याहून नावडतात. या कानांनी जे ऐकलं तेवढंच लिहिते. कान माझे अजून धड आहेत. दात नाहीत. समोरचे दोन, मालक वारले त्या वर्षीच पडले, तेव्हापासून माझ्या स मधून वारा जातो. तेही ध्यानात ठेवा.

माझे मालक किशनराव यांची गायन पार्टी होती. भीमगीतं, बुद्धगीतं. सेलूला एप्रिलात जयंतीनिमित्त दोन पार्ट्यांचा मुकाबला होतो, एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं गाण्यातून जबाब द्यायचा. जो जिंकेल त्याला पुढल्या जयंतीला पहिल्या गाण्याचा मान. तो मान एकतीस वर्षं आमच्या घरात आहे. लोक म्हणायचे, किशनरावच्या जिभेवर जबाब तयार असतो. जिभेवर असायचाच, पण तिथं ठेवायचं कोण? जात्यावर बसून मी जुळवायची आणि मालक पाठ करून जायचे. मुकाबल्यात अडलं तर पाणी प्यायच्या निमित्तानं स्टेजच्या मागं यायचे आणि मी तांब्याबरोबर ओळ द्यायची. त्या काळात आमच्यात बाई स्टेजवर चढत नव्हती. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं मी म्हणत आले. ते खोटं आहे.

मालकांच्या मागं माझा मुलगा सिद्धोधन गायला लागला. गळा बापाहून गोड. पण पोटासाठी तो चौदा वर्षं जिनिंगमध्ये राबला आणि कापसाची बारीक धूळ छातीत बसली. आता दोन ओळींच्या वर त्याला दम पुरत नाही. तरी चालत होतं, कारण आमच्याकडं नागेश होता. नागेश माझ्या नणंदेचा मुलगा, आमचा झीलकरी. गाणाऱ्याची ओळ संपायच्या आधी झीलकऱ्यानं ती उचलायची आणि पुन्हा म्हणायची, तेवढ्यात गाणारा श्वास घेतो. लोकांना वाटतं साथ आहे. खरं तर ती काठी असते.

यंदा फेब्रुवारीत नागेश माणिकरावच्या पार्टीत गेला. माणिकराव गोदाकाठचा, आमचा सामनेवाला. पोस्टरवर फोटो छापतो म्हणाला आणि हा गेला. अकरा वर्षं माझ्या हातच्या भाकरी खाऊन.

सिद्धोधन त्या दिवशी ओसरीवर बसला आणि म्हणाला, "माय, यंदाचा मुकाबला हरलो तर मी पेटी माळ्यावर टाकतो. पुन्हा काढायचो न्हाई."

"अन् जिंकलास तर?"

"झीलकऱ्याबिगर कसा जिंकतो? मधीच खोकला आला तर लोकं हसतेन."

"हसू देत. तू रडू नको म्हंजे झालं."

असं बोलले, पण रात्रभर मला डोळा लागला नाही. पेटी माळ्यावर गेली की माझीही सगळी गाणी माळ्यावर जाणार, हे मला एकटीलाच माहीत होतं.

उपाय काढला तो नातीनं. सुकेशनी, सिद्धोधनची थोरली. परभणीला एका साउंडवाल्याकडं पाच वर्षं काम करते, मिक्सरवर बसते. पुरुषांना वाटतं पोरगी मोबाईल बघत बसली आहे, आणि ही एका बोटानं त्यांचा बेसूर झाकत असते. ती म्हणाली, "आजी, झील इकोतून काढू."

मी म्हटलं, "तुमची ती इको मला नको. सगळे कार्यक्रम ऐकलेत मी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत घोळून टाकतात, गाणं कोणतं अन् भाषण कोणतं कळत न्हाई. वधूवर मेळावा असला तरी विहिरीत पडल्यावानी बोलतात."

"म्हणून तर सगळीकडं न्हाई लावायची. फक्त ओळीच्या शेवटाला. बाबांचा शब्द सुटला की मी बटण वर करणार, तीनदा परत आला की खाली. तवर बाबा श्वास घेतेन."

"तीनदा?"

"मग किती?"

मी तिला हाताला धरून विहिरीवर नेलं.

पंधरा दिवस आम्ही दोघी त्या दगडावर उभ्या होतो. ती टाळी वाजवायची आणि मोबाईलवर वेळ मोजायची. मी तिला ऐकायला शिकवलं. दुसरी हाक पहिलीच्या मापाची येत नाही, तिची धार कमी असते. तिसरी लांब जाते, जशी बाई घागर घेऊन वळणाआड जाते. सुकेशनीनं ते सगळं मशीनमध्ये उतरवलं. एक बटण आवाज किती वेळानं परत यावा याचं, तो वेळ तिनं आमच्या ढोलकीवाल्या दत्ताच्या ठेक्याला बांधला. दुसरं बटण किती वेळा यावा याचं. तिसऱ्यानं आवाजाचा वरचा टोकदार भाग कापला, त्यानं परत आलेला सिद्धोधन सिद्धोधन वाटेना, मागं बसलेला दुसरा माणूस वाटायला लागला. पेटीला तिनं इकोचा थेंब दिला नाही. ढोलकीच्या फक्त शेवटच्या थापेला दिला, तो असा की थाप पडली की मोठा दरवाजा लागल्यासारखं वाटावं. मी माझ्या नेलपॉलिशच्या बाटलीनं तिन्ही बटणांवर लाल ठिपके दिले. दत्ता म्हणाला, "मावशी, मिक्सर नटवायलाव का?" मी म्हटलं, "तुहं तोंड नटवता येत न्हाई म्हणून."

सिद्धोधननं ओसरीवर बसून गाऊन पाहिलं. ओळ सुटली, तीनदा परत आली, त्यानं श्वास घेतला. खोकला आला नाही. त्यानं पेटीवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली.

मुकाबला सेलूच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होता. मागं पत्र्याचं लांब शेड, समोर स्टेज, लिंबाच्या झाडाला हिरवं कापड बांधून केलेली सावली. दुपारचे चार वाजले तरी पत्रा तडतडत होता. जिनिंग बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण वारा आला की शेडच्या फटीतून कापसाचे पुंजके अजून निघत होते.

आमच्या पार्टीची एक रीत आहे. बाकीचे माईकवर फुंकर मारतात, हॅलो हॅलो करतात. आमच्यात पहिला शब्द पार्टीतल्या सगळ्यात वडील माणसानं द्यायचा, आणि एवढाच द्यायचा, "नमो बुद्धाय, जय भीम." जास्तीचं बोलायचं नाही. मालक यात लय कडक होते. मोकळ्या माईकवर वायफळ शब्द टाकायचा नाही म्हणायचे. का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी स्टेजच्या खाली उभ्या केलेल्या माईककडं चालले होते तर नागेश आडवा आला. नवा झब्बा, गळ्यात निळा रुमाल.

"जय भीम, मामी."

"जय भीम. पोस्टरवर बरा दिसतूस. तोंड बंद हाय म्हणून."

तो हसला. "यंदा झीलला कोण हाय तुमच्या?"

"तुला काहून पाहिजे?"

"न्हाई, इच्यारलं. मामाच्या नावाचा मान जायचा म्हणून वाईट वाटायलंय."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तशीच गेले. माईकसमोर म्हटलं, "नमो बुद्धाय, जय भीम." तिथं थांबायचं होतं. मी थांबले नाही. नागेशकडं बघत, पण माईकलाच म्हटलं, "माझ्या सिद्धोधनला झील न्हाई म्हणून हसायलेत लोकं. मग मव्हा आवाज घे. लागंल तितका घे. पन लेकराला दम पडू दे. घे."

समोर बसलेल्या बायका हसल्या. सुकेशनीनं गंमत म्हणून इकोचं बटण वर केलं.

घे.

घे.

ए.

आणि चौथ्यांदा शब्द आला नाही. कुणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज आला. ओळ उचलायच्या आधी गाणारा घेतो तसा, भरपूर आणि शांत.

मी माईकपासून दोन हात लांब उभी होते. आसपास दुसरं कुणी नव्हतं. सुकेशनीनं लांबून मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी तिच्याजवळ गेले.

"आजी, माईकवर कुणी श्वास घेतला?"

"वारा असंल," मी म्हटलं. लिंबाचं पानही हलत नव्हतं.

मी तिच्याशेजारी खुर्चीवर बसले. मिक्सर स्टेजच्या समोर, लोकांच्या मागं होता.

पंच म्हणून आदिनाथ सर होते, शाळेतून रिटायर झालेले, कडक मनुष्य. त्यांनी चिठ्ठी उचलली. सवाल माणिकरावचा, जबाब आमचा.

माणिकराव उभा राहिला. आवाज त्याचा मोठा, ते कबूल करते. नागेश मागून झील देत होता, माझ्याच घरात शिकलेली.

"सांगा सांगा शाहीर तुम्ही, उजेड आला कुठून?
तेल नव्हतं, वात नव्हती, दिवा पेटला कुठून?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवाल चांगला होता. दिव्याचं उत्तर दिव्यानंच द्यायचं, तेल आणि वात दोन्ही त्यात यायला पाहिजेत, नाहीतर जबाब अर्धा धरतात.

सिद्धोधननं पेटी छातीजवळ ओढली. दत्तानं ठेका धरला.

"माय माझी मजूर, तिच्या पदराला गाठ,
गाठीमध्ये बांधली तिनं शाळेची वाट."

वाट… वाट… आट. सुकेशनीचं बोट वर गेलं, खाली आलं. इको जिथं संपली तिथंच ठेका समेवर आला. माणसं पुढं सरकली. मागं दुसरा कोण गातो म्हणून पाहायला लागली. नागेशचं हसू गेलं. मला तेवढं पुरलं असतं.

सिद्धोधननं तेच दोन वेळा घोळवलं. तिसऱ्यांदा घोळवलं. मग मला कळलं, त्याला पुढची ओळ सुचत नाही. त्याची नजर स्टेजच्या मागं गेली, जिथं त्याच्या बापाला तांब्या मिळायचा. तिथं कुणी नव्हतं. मी इकडं, चारशे माणसांच्या पलीकडं बसले होते.

ओळ माझ्याजवळ होती. माणिकरावचा सवाल संपायच्या आत जुळली होती. ती माझ्या टाळूला लागून बसली होती आणि मी ओठ घट्ट मिटले होते, कारण इथून ओरडले असते तर बाहेरून ओळ न देण्याचा नियम मोडला असता.

सिद्धोधननं "वाट" सोडलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. त्यानं तोंड माईकपासून वळवलं.

वाट.

वाट.

आट.

आणि चौथी आली.

"वात केली पदराची, तेल केलं घामाचं."

बाईचा आवाज होता.

कोवळा. उंच. कापडावर कात्री चालवावी तसा सरळ.

इको शब्दाची धार खाते. या आवाजाची धार पूर्ण होती.

सुकेशनीचं बोट बटणावर होतं. तिनं ते खाली ओढलं. पार खालपर्यंत. मशीनवरचा लाल दिवा विझला.

"सोन्यावानी अक्षर पेटलं, भीमरायाच्या नावाचं."

मी त्या सोन्यावानीतला स ऐकला. अखंड. त्यात वारा नव्हता. समोरचे दोन्ही दात असलेल्या तोंडातला.

तो स मला ओळखू येणार नाही तर कुणाला येणार? सोळा वर्षं बोलले होते मी त्यानं लग्नाआधी, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जात्यावर.

"आजी," सुकेशनी म्हणाली. "मी बंद केलंय."

"बरं केलंस. गाऊ दे तिला."

सिद्धोधननं मान वळवली नाही. तो माझाच मुलगा आहे. त्यानं खोकला गिळला, ओळ उचलली आणि आता तो झील झाला, ती पुढं गायली. एक ओळ तिची, मग तीच त्याची. पुढची तिन्ही कडवी माझ्या टाळूला लागायची आणि त्याच क्षणी समोरच्या स्पीकरमधून निघायची. बायका उठून उभ्या राहिल्या. मागच्या शेडचा पत्रा थरथरत होता आणि फटींतून कापूस निघून लोकांच्या डोक्यांवर बसत होता. मशीन बंद असूनही शेवटच्या थापेला मोठा दरवाजा लागला.

त्यानंतर किती वेळ टाळ्या चालल्या ते मला सांगता येणार नाही.

आदिनाथ सर बाकीच्या पंचांशी बोलले नाहीत, कागदही बघितला नाही. माईक घेऊन म्हणाले, "मान किशनरावांच्या पार्टीकडंच राहील. आन् ही झीलकरीण कोन हाय, तिनं वर यावं. एक शाल तिची."

सगळे इकडंतिकडं बघायला लागले. दत्तानं स्टेजच्या खाली वाकून बघितलं. माणिकरावनं नागेशला मागं पाठवलं, पडद्याआड कुणी बाई लपवली आहे का बघायला. नागेश शेडपर्यंत जाऊन आला. त्याच्या डोक्यावर कापूस होता.

मी उठले. लोकांनी वाट दिली. स्टेजला चार पायऱ्या होत्या. बावन्न वर्षांत मी कुठल्याच स्टेजच्या पायऱ्या चढले नव्हते, त्या दिवशी कुणाचा हात न धरता चढले.

"चांगुणाबाई?" आदिनाथ सर म्हणाले. "तुमी?"

"मी."

"पन आवाज तर..."

"आवाज मव्हाच हाय. गाणंबी मव्हंच हाय. आन् या आधी तुमी एकतीस वर्षं ज्या जिभेला शाली घातल्या, तीबी मव्हीच होती."

हे मी माईकवर म्हटलं. सिद्धोधन पेटीवर डोकं टेकून रडत होता. सरांनी शाल घातली. माणिकराव पुढं आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "वैनी, हे आधी सांगायचं होतं." मी म्हटलं, "तुमी आधी इच्यारायचं होतं." नागेश दिसला नाही.

घरी येताना जीपमध्ये सगळे गात होते. एकटी सुकेशनी मांडीवर मशीन घेऊन त्याच्याकडं बघत बसली होती. पाथरी रस्ता लागला तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजी, माईक दोनच चालू होते. बाबांचा अन् ढोलकीचा. मी चारदा बघितलं."

"मग?"

"मग काही न्हाई."

पेटी माळ्यावर गेली नाही. पार्टीच्या पोस्टरवर आता माझं नाव आहे, शब्द आणि झील, चांगुणाबाई किशनराव. जूनपर्यंत आम्हाला नऊ ठिकाणची बोलावणी आली, पार पूर्ण्याहूनसुद्धा. मशीन तेच, लाल ठिपके तेच. स्टेजवर मी माझ्या आत्ताच्या आवाजात गाते, वाऱ्याच्या स सकट. तो दुसरा आवाज पुन्हा स्पीकरमधून आला नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी मी विहिरीवर गेले. सिद्धोधन पल्याडच्या बांधावर होता, न्याहारीला हाक मारायची होती. सपाट दगडावर उभी राहिले, ओणवी झाले आणि "सिद्धाऽ" म्हटलं.

सिद्धोधननं वळून बघितलं, हात हलवला. विहिरीतून काही आलं नाही.

पुन्हा हाक मारली. पाणी खाली काळं, स्थिर. माझं तोंड त्यात दिसत होतं. आवाज परत आला नाही. एकदाही नाही.

मी घरी येऊन सुकेशनीला नेलं. म्हटलं, तू मार हाक. ती दगडावर उभी राहिली. मी तिच्या शेजारी, तोंड मिटून.

"आजीऽ"

आजी, आलं विहिरीतून. मग आई. मग ई.

मग कुणीतरी भरपूर श्वास आत घेतला आणि खालून, कोवळ्या, धारदार आवाजात तिला ओ दिली.